टाटाले नेलं

वऱ्हाडातल्या एखाद्या गावात म्हातारा माणूस महिनाभर पारावर दिसला नाही आणि कुणी चौकशी केली, तर घरचे आजाराचं नाव घेत नाहीत. 'टाटाले नेलं,' एवढंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. अमरावती-अकोल्याच्या बोलीत रुळलेल्या या दोन शब्दांमागे एक प्रथा आहे. जवळच्या डॉक्टरनं कर्करोग सांगितला, तरी उपचाराला लागण्याआधी मोठ्या ठिकाणी एकदा दाखवून यायचं. शहरातल्या शिकलेल्या माणसाला दुसरं मत घेणं हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला मामला वाटतो. वऱ्हाडाचा इतिहास पाहिला की मला त्याच्याही आधीच्या तीन गोष्टी दिसतात: रेल्वे, परगावी पाठ टेकायला जागा आणि हातातले कागद. या तिन्हींची सोय झाली तेव्हाच सामान्य माणसाला दुसरं मत मिळालं, आणि यातली एक जरी तुटली तरी ते मिळेनासं झालं.

रेल्वे इथं आली कापसासाठी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा असा येत १८६७मध्ये नागपूरला पोचला. १९०३पासून १९५६पर्यंत वऱ्हाडचा कारभार नागपूरशी बांधलेला होता, पण मालाचा आणि पैशाचा ओढा मुंबईकडेच राहिला. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी गेल्या, त्याच रुळांवरून पुढं अंगात गाठी घेऊन माणसं गेली. २८ फेब्रुवारी १९४१ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथं ८० खाटा होत्या. मेहरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगानं परदेशात वारल्या, आणि त्या दुःखातून टाटांच्या विश्वस्त निधीचं हे काम उभं राहिलं. १९५७मध्ये ते सरकारकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं, आणि गरिबाला दार ठोठावता येईल अशी जागा म्हणून त्याचं नाव खेड्यापाड्यांत पोचलं.

पण गाडी मुंबईला पोचवते, मुंबईत ठेवून घेत नाही. नाव नोंदवणं, तपासण्या, त्यांचे रिपोर्ट आणि मग डॉक्टरांची एकत्र बैठक, यात दिवसांमागून दिवस जातात. ते दिवस काढायचे कुठं, याचं उत्तर वऱ्हाडाच्याच माणसानं दिलं, आणि या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. गाडगेबाबा १८७६मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. १९५४मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी केली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. यात्रेकरूला जशी ओसरी लागते तशी आजाऱ्याच्या सोबत्यालाही लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या पश्चात दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा झाली आणि ती टाटाच्या रुग्णांचं मुंबईतलं घर बनली. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८पासून हेच काम करते आहे. अमरावतीहून रात्रभर धावणारी मुंबई एक्स्प्रेस दादरला थांबते, ही सोय वऱ्हाडी रुग्णाच्या दृष्टीनं लहान नाही. रेल्वेचा नियमही सोबत्याला मोजतो: उपचारासाठी निघालेल्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ, आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत.

प्रोस्टेटच्या कर्करोगात हे सगळं जास्त ठळक दिसतं. लघवी अडकून नळी टाकायची वेळ येते, किंवा कंबर नि पाठ दुखत राहते, आणि जन्मभर शेतात राबलेल्या माणसाची कंबरदुखी कुणी मनावर घेत नाही. हाडात उतरलेला रोग वात समजून झाकला जातो. टाटा हॉस्पिटल उघडलं त्याच १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवलं, की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं तर पसरलेला प्रोस्टेटचा रोग मागे हटतो. हगिन्सना त्याबद्दल १९६६चं नोबेल मिळालं. पुढची चाळीसेक वर्षं दुसऱ्या डॉक्टरनं वेगळं सांगावं असं थोडंच होतं. जिल्ह्याच्या गावी काय, परळला काय, इलाज तोच. मग १९८०च्या दशकात तेच काम करणारी इंजेक्शनं आली, २००४मध्ये डोसेटॅक्सेल या किमोचा फायदा सिद्ध झाला, २०११मध्ये अबिराटेरोन ही गोळी आली, आणि ती सुरुवातीलाच जोडली तर आयुष्य वाढतं हे २०१७च्या चाचण्यांनी दाखवलं. आज नुसत्या शस्त्रक्रियेवर किंवा नुसत्या इंजेक्शनवर थांबणं बहुतेकांसाठी अपुरं मानतात. एकदाची स्वस्त शस्त्रक्रिया की जन्मभराची इंजेक्शनं, जोडीला गोळ्या की किमो, हे हृदय, साखर, खिसा आणि किती वेळा प्रवास झेपेल यावर ठरतं. 'आता पसरलाच आहे, दुसऱ्याला विचारून काय उपयोग?' हा जुना प्रश्न १९७०मध्ये समजण्यासारखा होता. आज तो रुग्णाचं नुकसान करतो.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि तिच्यात एक मेणाचा तुकडाही येतो. बायोप्सीच्या सुईतून निघालेले तुकडे दोऱ्यासारखे बारीक, एखादा सेंटिमीटर लांब. ते मेणात बसवून प्लॅस्टिकच्या चौकटीत ठेवतात. काडेपेटीहून लहान, वर नंबर लिहिलेली ती वस्तू म्हणजे ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात, ती स्लाइड. रोग किती आक्रमक आहे हे सांगणारा ग्लीसनचा आकडा या स्लाइडवरून ठरतो, आणि दोन जाणकारांचा आकडा वेगळा येऊ शकतो. म्हणून दुसरं मत म्हणजे पुष्कळदा त्याच स्लाइडवर पडलेली दुसरी नजर. ब्लॉक घरी किंवा लॅबमध्येच राहिला, तर अमरावतीहून केलेला साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास अर्धा वाया जातो. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असं मेडिकल कौन्सिलचे २००२चे नियम सांगतात.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो प्रामाणिक आहे: दारोदार हिंडण्यात वेळ आणि पैसा जातो, रोग वाढतो. पाय लुळे पडू लागले, मणक्यातली नस दाबली गेली, तर एक दिवसही दवडू नये, तिथं जवळचाच दवाखाना गाठावा. एरवी मात्र बायोप्सी आणि पीएसएची रक्ततपासणी झाल्यावर संप्रेरक रोखणारा उपचार इथं सुरू करून मग मुंबईला जाता येतं, त्यानं दुसऱ्या मताची वाट बंद होत नाही. दुसऱ्याला विचारणं हा पहिल्या डॉक्टरचा अपमान, हेही मला पटत नाही. गंभीर आणि शंकास्पद आजारात दुसऱ्याचा सल्ला घ्यावा, हे डॉक्टरांच्याच आचारसंहितेत आहे, आणि मानवी हक्क आयोगानं २०१८मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत हा हक्क म्हणून नोंदवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: आता मुंबई कशाला? १९६८मध्ये कर्करोगानंच गेलेल्या तुकडोजी महाराजांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय नागपुरात आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सेवाग्रामचं रुग्णालय आहे. २०१२मध्ये सरकारी खर्चानं उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती होतं. फाईल पाठवून घरबसल्याही मत मिळतं. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. मत लांबून आणि इंजेक्शन गावाजवळ, अशी वाटणी होत असेल तर ती व्हावीच. पण स्लाइड पोचवणारा, फॉर्म भरणारा, रात्री उशाशी बसणारा सोबती त्यानं सुटत नाही, त्याचा मुक्काम तेवढा जवळ आला. मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला अमरावतीच लांब आहे. पहाटेच्या एसटीनं परतवाड्यामार्गे निघालेल्या कोरकू म्हाताऱ्याला अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात दाखल करून घेतलं, की त्याच्या मुलानं ती रात्र कुठं काढायची, हा प्रश्न १९५४ला जे. जे.च्या दारात होता तोच आहे.