ठाणे खाडी

ठाणे खाडी ही महाराष्ट्राच्या कोकण किनारपट्टीवरील खाऱ्या पाण्याची खाडी आहे. साष्टी बेटाला ती पूर्वेकडील मुख्य भूमीपासून वेगळे करते. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी दक्षिणेस मुंबई बंदराच्या जलाशयात विलीन होते. उत्तर टोकाला, ठाणे शहराजवळ, ती एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. ठाणे पूर्वेतील कोपरी आणि चेंदणी कोळीवाडा या वस्त्या तिच्या पश्चिम तीरावर आहेत. समोरच्या तीरावर कळवा व विटावा ही गावे येतात.

भूगोल

नदीप्रमाणे वाहताना दिसत असली तरी या खाडीला स्वतःचा उगम नाही. तिच्यातील प्रवाहाची दिशा मुख्यतः समुद्राची भरती-ओहोटी ठरवते. भरती दिवसातून साधारण दोनदा येते. पावसाळ्यात ओढे-नाल्यांतून गोडे पाणी आल्याने खारेपणा घटतो, तर उन्हाळ्यात तो वाढतो. दक्षिणेकडे विस्तीर्ण असलेले पात्र उत्तरेकडे अरुंद व उथळ होत जाते. त्यामुळे कोपरीच्या परिसरात पाण्याची अदलाबदल मंद असून गाळ साचण्याचे प्रमाण अधिक आहे. ओहोटीच्या वेळी येथे चिखलाची विस्तृत मैदाने उघडी पडतात.

जैवविविधता

दोन्ही तीरांवर खारफुटीची दाट वने असून त्यांत तिवर ही प्रमुख वनस्पती आहे. खारफुटीची मुळे गाळ धरून ठेवतात, किनाऱ्याची धूप रोखतात आणि मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिलांना आसरा देतात. चिखलात निवटी आढळतात. खाडी परिसरात पक्ष्यांच्या २०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत येथे लहान आणि मोठे रोहित, अर्थात फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने उतरतात.

इतिहास

शिलाहारांच्या काळात ठाणे ‘श्रीस्थानक’ या नावाने ओळखले जात असे व या जलमार्गामुळे ते व्यापारी केंद्र बनले होते. खाडीवर नजर ठेवण्यासाठी पोर्तुगिजांनी ठाण्यात किल्ला बांधण्यास घेतला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये खाडीवर पूल बांधून ती कल्याणपर्यंत नेण्यात आली. त्यानंतर जलवाहतुकीचे महत्त्व हळूहळू ओसरले. कोपरीतील ‘मीठबंदर’ हे नाव मात्र तीरावरील मिठागरांची व मिठाच्या व्यापाराची आठवण देते.

प्रदूषण व परिणाम

१९६० च्या दशकापासून पूर्व तीरावर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा विकसित झाला. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी, कचराभूमी, भराव आणि पुलांचे खांब यांमुळे पाण्याची गुणवत्ता घसरली व गाळ वाढला. याचा सर्वाधिक फटका पारंपरिक मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाला बसला आहे.

सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शेवाळाची वाढ होते आणि सूक्ष्म शेवाळ हे लहान रोहितचे मुख्य खाद्य आहे. त्यामुळे या पक्ष्यांची मोठी संख्या ही खाडी निर्मळ असल्याची खूण मानता येत नाही. प्रदूषण वाढत राहिल्यास चिखलातील जीवसाखळी व पक्ष्यांचा अधिवास दोन्ही धोक्यात येऊ शकतात.

संरक्षण

खाडीच्या पश्चिम भागातील १६.९०५ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील सुमारे ८९६ हेक्टर क्षेत्र खारफुटीचे असून उर्वरित जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये ठाणे खाडीच्या ६,५२१ हेक्टर क्षेत्राचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत करण्यात आला. ऐरोली येथे राज्याच्या वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून पर्यटकांसाठी बोटीने पक्षिनिरीक्षणाची सोय आहे.