लोकसुरक्षा सेवकांचे मृत्युलाभ, अमेरिकेतील

कर्तव्य बजावीत असताना मृत्यू पावलेल्या पोलीस, अग्निशामक व रुग्णवाहिका-सेवक यांच्या वारसांना शासनाकडून मिळणारे एकरकमी अर्थसाहाय्य. निवृत्तिवेतन व कामगार-नुकसानभरपाई यांहून ते वेगळे असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलीस व अग्निशामक दले प्रामुख्याने स्थानिक शासनाच्या अखत्यारीत असल्यामुळे मृताच्या कुटुंबाची तरतूद त्या त्या नगराच्या ऐपतीवर अवलंबून असे. न्यूयॉर्क शहरातील स्वयंसेवी अग्निशामकांच्या संघटनेस १७९८ मध्ये राज्य विधिमंडळाने निगमाचा दर्जा दिला, तो मुळी विकलांग झालेल्या अग्निशामकांना व दिवंगतांच्या कुटुंबांना साहाय्य करता यावे म्हणून. पुढे मोठ्या शहरांत निवृत्तिवेतन-निधी उभे राहिले. लहान गावांतील स्वयंसेवकांच्या विधवांना मात्र बहुधा वर्गणीचाच आधार असे.

ही विषमता कमी करण्यासाठी काँग्रेसने केलेल्या लोकसुरक्षा अधिकारी लाभ अधिनियमावर राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी २९ सप्टेंबर १९७६ रोजी स्वाक्षरी केली. त्यान्वये राज्य व स्थानिक सेवेतील पोलीस आणि स्वयंसेवकांसह सर्व अग्निशामक यांच्या वारसांना ५०,००० डॉलर देण्याची तरतूद झाली. संघीय अधिकारी १९८४ मध्ये व सार्वजनिक रुग्णवाहिका-पथके १९८६ मध्ये या योजनेत आली. १९८८ मध्ये रक्कम १ लाख डॉलर करून ती किंमत-निर्देशांकाशी जोडण्यात आली. २००१ मध्ये ती २·५ लाख झाली व नंतरच्या वाढींमुळे ४ लाखांच्या पुढे गेली.

रकमेपेक्षा अधिक वाद झाला तो ‘इजा’ या शब्दाच्या अर्थाविषयी. मूळ अधिनियमानुसार मृत्यू कर्तव्यावर झालेल्या शारीरिक इजेमुळेच घडलेला असावा लागे. व्यवसायजन्य रोग वगळलेले होते. त्यामुळे छप्पर कोसळून मेलेल्या अग्निशामकाचे कुटुंब पात्र ठरे. आग विझवून परतल्यावर हृदयविकाराने मेलेल्याचे बहुधा ठरत नसे. रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्याच्या बाबतीत १० टक्के आणि करणाऱ्याच्या बाबतीत १५ टक्के आढळल्यास नियमांत सवलत होती. म्हणजे विधवेचा हक्क शवपरीक्षेतील एका आकड्यावर येऊन ठेपे. वस्तुतः कर्तव्यावर होणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंपैकी सु. ४५ टक्के हृदयविकाराने होतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय संशोधनात दिसून आले. तर्काला धरून असलेली ही व्याख्या व्यवहारात अन्याय्य होती. डिसेंबर २००३ च्या दुरुस्तीने ती सैल केली : श्रमाच्या वा तणावाच्या असाधारण कामानंतर २४ तासांच्या आत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन मृत्यू झाल्यास तो कर्तव्यजन्य मानावा, असे गृहीतक तीत आहे. तिचे नियम तयार होण्यास मात्र २००६ साल उजाडले.

वारस कोणास म्हणावे, हा प्रश्न ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीव्र झाला. त्यात न्यूयॉर्क अग्निशामक दलाचे ३४३ जण मरण पावले. दलाचे धर्मोपदेशक मायकेल जज हे त्यांपैकीच एक. ते फ्रान्सिस्कन पंथाचे अविवाहित धर्मगुरू होते. तोवर लाभ पती वा पत्नी, अपत्ये व आईवडील यांनाच मिळे. जज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००२ च्या अधिनियमाने धर्मोपदेशकांचा स्पष्ट समावेश केला आणि असे आप्त नसल्यास आयुर्विमापत्रात नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीस हक्क दिला.

दाव्यांच्या निर्णयास होणाऱ्या विलंबाबाबत तक्रारी सतत होत राहिल्या. त्या काळात वय उलटल्याने मुलांचे शिक्षण-साहाय्य बुडू नये, अशी सोय २०१७ मध्ये करावी लागली. २०२० मध्ये कोविड-१९ च्या मृत्यूंसाठी गृहीतक जोडण्यात आले. आत्महत्या मूळ अधिनियमाने पूर्णपणे वगळली होती. १६ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार, कर्तव्यावर भीषण प्रसंगाला सामोरे गेल्यानंतर ४५ दिवसांच्या आत केलेली आत्महत्या त्या आघाताशी सुसंगत असल्यास तीही कर्तव्यजन्य इजेत मोडते.