वर्षाला मीटरभर वाढणारं कुंपण

वेल्समधल्या वेल्शपूलजवळ लेटन हॉल नावाची इस्टेट आहे. लिव्हरपूलच्या बँकर घराण्यातल्या जॉन नेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे हवेली बांधली आणि भोवती दूरदेशीची झाडं हौसेने लावली. त्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सायप्रसच्या दोन जाती होत्या. माँटेरे सायप्रस मूळची कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या दोन लहानशा राईंतली. खारं वारं सोसणारी, झपाट्याने वाढणारी. नूटका सायप्रस उत्तरेकडच्या डोंगरउतारांवरची. थंडी आणि पाऊस पचवणारी. मायदेशात या दोघींच्या मुलखांमध्ये शेकडो मैलांचं अंतर आहे. लेटनच्या बागेत त्या शेजारणी झाल्या आणि एकीचा पराग दुसरीला लागला.

१८८८ मध्ये नूटकाच्या बियांतून आलेल्या रोपांपैकी सहा रोपं वेगळी निघाली. जॉन यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने ती जपली. पुढे वारसाहक्काने त्याच्याकडे नॉर्थम्बरलंडमधलं हॅगरस्टन कॅसल आलं, त्यासोबत त्याने लेलँड हे आडनाव घेतलं आणि ही रोपं तिकडे वाढवली. १९११ मध्ये लेटनलाच उलटा संकर घडला. या वेळी बी माँटेरेचं होतं आणि पराग नूटकाचा. १९२६ मध्ये जॅक्सन आणि डॅलिमोर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या संकराला लेलँडचं नाव दिलं. आज ब्रिटनमध्ये लहानथोर सगळे त्याला ‘लेलँडिआय’ म्हणतात.

हा संकर वांझ आहे. बी पेरून त्याचं रोप मिळत नाही, फाटे लावूनच ते करावं लागतं. त्यामुळे पहिली कित्येक दशकं ही झाडं मोठ्या इस्टेटींपुरतीच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नर्सऱ्यांमध्ये तुषारगृहं आली. पाण्याच्या बारीक फवाऱ्याखाली फाटे कोमेजेनात, हजारोंनी मुळं धरू लागले आणि रोप स्वस्त झालं. उत्तर आयर्लंडमधल्या कॅसलवेलन इथे १९६० च्या दशकात सोनेरी पानांचा वाणही निघाला. त्याच सुमारास शहरांबाहेर नवी घरं उठत होती, प्रत्येकाला छोटीशी मागची बाग मिळत होती आणि शेजाऱ्याच्या खिडकीपासून आडोसा हवा होता. लेलँडिआय वर्षाला जवळपास मीटरभर वाढतं. चार-पाच वर्षांत हिरवी भिंत तयार, तीही बारमाही.

इंग्रज माळ्यांना कुंपणं नवी नव्हती. शेतांच्या बांधांवर हॉथॉर्नच्या काटेरी वया होत्या, गावातल्या घरांपुढे प्रिव्हेट होतं आणि जुन्या हवेल्यांच्या बागांत यू. कंब्रियातल्या लेव्हन्स हॉलच्या बागेत सतराव्या शतकाच्या अखेरीस आखलेली यूची कातीव झाडं आजही उभी आहेत. यू चुकांना माफ करतं. जुन्या, जाड लाकडापर्यंत कापलं तरी तिथून पुन्हा कोंब फुटतात. लेलँडिआयला हा गुण नाही. हिरव्या पाल्याच्या आत तपकिरी लाकडात कातर गेली, की तिथे पुन्हा हिरवळ येत नाही. भोक कायमचं राहतं. वाढू दिलेलं कुंपण नंतर सवडीने अरुंद करू, हा बेत इथे चालत नाही.

त्यामुळे या झाडाची निगा वेळेला बांधलेली आहे. लागवड वसंतात किंवा शरदाच्या सुरुवातीला करायची आणि पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत मुळांना पाणी घालायचं. कडेच्या फांद्या दुसऱ्या वर्षापासूनच हलक्या हाताने छाटायच्या, म्हणजे कुंपण आतून दाट होतं. शेंडा मात्र हव्या त्या उंचीला पोचेपर्यंत ठेवायचा, मग थोडा खाली मारायचा. वरची बाजू पायथ्यापेक्षा किंचित अरुंद राखली, तर खालच्या पाल्यालाही ऊन मिळतं. जम बसलेल्या कुंपणाला वसंतापासून ऑगस्टपर्यंत दोन-तीन छाटण्या लागतात. शेवटची लांबली, तर नवी पालवी कोवळी असतानाच थंडीच्या तडाख्यात सापडते. हिवाळ्यात कातर बंद. जड बर्फ साचलं तर ते झटकून टाकायचं, नाहीतर फांद्या फाकतात.

छाटणीचे महिने पक्ष्यांच्या विणीचेही असतात आणि वापरातलं घरटं मुद्दाम मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आधी पाला बाजूला करून आत पाहावं लागतं. सायप्रसवरचा मावा वसंतात रस शोषतो, पण तपकिरी डाग उन्हाळ्यात दिसतात. तोवर उपायाची वेळ टळलेली असते.

एवढी मेहनत घेणारे थोडे होते. दोन-तीन वर्षं हात फिरला नाही की कुंपण शिडीच्या आवाक्याबाहेर जायचं. मोकळं सोडलं तर हे झाड तीस मीटरच्याही वर जातं. शेजाऱ्यांची स्वयंपाकघरं दिवसा अंधारली, भाजीचे वाफे सावलीत गेले, भांडणं पेटली. २००१ मध्ये पॉविस परगण्यात, म्हणजे लेटन हॉल ज्या परगण्यात आहे तिथेच, एका माणसाचा गोळी लागून मृत्यू झाला; त्यामागे अशाच कुंपणाचा वाद असल्याचं सांगितलं गेलं.

शेवटी संसदेला लक्ष घालावं लागलं. २००३ च्या समाजविघातक वर्तनविषयक कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र भाग आला आणि इंग्लंडमध्ये तो १ जून २००५ पासून लागू झाला. दोन किंवा अधिक सदाहरित झाडांची ओळ दोन मीटरपेक्षा उंच असेल आणि तिच्यामुळे शेजारच्या घराचा वा बागेचा उपभोग घेण्यात अडथळा येत असेल, तर स्थानिक परिषदेकडे तक्रार करता येते. त्याआधी शेजाऱ्याशी बोलून पाहणं मात्र आवश्यक आहे. परिषद कुंपण उतरवण्याची नोटीस काढू शकते, पण दोन मीटरच्या खाली आणण्याची किंवा झाडं उपटण्याची सक्ती करू शकत नाही. पुढे उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडनेही स्वतःचे कायदे केले.

यात झाडाचा दोष नाही. लेटनच्या सहा रोपांनी दोन्ही आयांचे उत्तम गुण घेतले होते. लोकांनी त्यांचा वेग विकत घेतला आणि त्या वेगासोबत येणारं काम नाकारलं. लेलँडिआय लावायला आजही इंग्लंडमध्ये कुणाची परवानगी लागत नाही. निदान रोप विकणाऱ्या प्रत्येक नर्सरीने वर्षाला किती छाटण्या लागतील हे किमतीइतक्याच ठळक अक्षरांत लिहावं.