खाशाबा
१. मोहन्याच्या प्रकरणात लेखकाने नुसतेच ‘खाशाबा’ म्हटले आहे, ते कुस्तीगीर खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४), कराडजवळच्या गोळेश्वरचे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे. १९५२ साली हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने मारून कर्ज फेडले. लोकांनी त्यांना तेव्हाच डोक्यावर घेतले. सरकारने मात्र फार उशीर केला. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. — संपादक