स्फोटानंतरची मुंबई

११ जुलै २००६ च्या सायंकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले; १८० हून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा त्याच गाड्यांना लोंबकळले. याला धैर्य म्हणून गौरविण्यात आले. मला त्यात निरुपाय अधिक दिसतो. विरारकराने चर्चगेटास जावे तरी कसे? भीती मात्र डब्यात शिरलीच. बाकाखाली पिशवी दिसली की माना वळत, ‘कोणाची ही?’ स्थानकांवर झडती सुरू झाली. पण लाखोंच्या लोंढ्यात पिशव्या तपासणार किती?

अशा भेदरलेल्या शहराला आरोपीही लवकर हवे असतात. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाल्या. पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणून, बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतला एक तोवर कैदेतच वारला होता.