मालमोटार व्यवसाय, स्वतःच्या परमिटावरील (मार्केट यार्ड, पुणे)

एक किंवा मोजक्या मालमोटारी स्वतःच्या नावावर घेऊन, त्यांचे परमिट, म्हणजे भाड्याने माल वाहण्याचा कायदेशीर परवाना, स्वतः काढून आणि वाहतूक कंपनीच्या नोकरीबाहेर राहून केलेला व्यवसाय. पुण्यात गुलटेकडीच्या श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात फळे, भाजीपाला, फुले, कांदा-बटाटा आणि भुसार यांची घाऊक उलाढाल एकाच परिसरात होत असल्यामुळे अशा मालकांना, ज्यांतील अनेक जण स्वतःच चालक असतात, तेथे बारमाही काम मिळते.

1939 च्या मोटार वाहन कायद्यात दुसऱ्याचा माल भाड्याने वाहणारा ‘पब्लिक कॅरियर’ आणि केवळ स्वतःचा माल वाहणारा ‘प्रायव्हेट कॅरियर’ असा भेद होता. 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या कायद्याने तो मिटवला. परमिटाची मुदत पाच वर्षांची असून भारासह एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या वाहनांना ते लागत नाही, म्हणून ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी लहान मालगाडी घेऊन धंद्यात उतरणे सोपे जाते. राष्ट्रीय परमिटासाठी पूर्वी गृहराज्यासह किमान चार राज्ये निवडून त्यांचे शुल्क वेगवेगळे भरावे लागे. 2010 मध्ये एकाच वार्षिक शुल्कात देशभर फिरण्याची सोय झाली आणि आग्र्याचा किंवा इंदूरचा बटाटा पुण्यात उतरवून पुढे मिळेल त्या राज्याचे भाडे घेणे एकट्या मालकालाही शक्य झाले. एकाच परराज्यातील दोन ठिकाणांमध्ये मात्र या परमिटावर माल वाहता येत नाही.

परमिटाने गाडी चालवण्याचा हक्क मिळतो, पण गाडीत भरायचा माल कोठून आणायचा हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत वाहतुकीचा अधिकार धंदा करणाऱ्याला दिला जातो, तर भारतात परमिट गाडीगणिक असते, धंद्याला नव्हे. माल गोळा करून, साठवून, बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, पुढे पाठवणाऱ्याला 1 मार्च 2011 पासून अमलात आलेल्या 2007 च्या रस्तेमालवाहतूक कायद्याखाली वेगळी नोंदणी करावी लागते. ही नोंदणी आणि व्यापाऱ्यांशी असलेली ओळख ट्रान्सपोर्ट ऑफिसकडे असते; ते दलाली कापून भाडे देते, काही रक्कम आगाऊ आणि उरलेली मालाची पोच आल्यावर. त्यामुळे गाडी, कर्ज आणि रस्त्यावरची जोखीम मालकाची असूनही गिऱ्हाईक दुसऱ्याचेच राहते, आणि स्वतंत्र म्हणवणाऱ्या या धंद्यातील सर्वांत मोठे परावलंबन तेच आहे.

भाजीपाल्याच्या खेपांत हे परावलंबन थोडे सैल होते. अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा व्यापारी, गाळ्यावरच गाडीभाडे चुकते करतो आणि हमाली व तोलाईबरोबर ते शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वळते करून घेतो. रोकड लगेच हाती येते, पण वेळेचा काच मोठा असतो. शनिवारच्या साप्ताहिक सुटीनंतर रविवारी आवक सर्वाधिक असते आणि पहाटेच्या विक्रीनंतर पोहोचलेल्या मालाचा भाव पडतो, म्हणून गाडी रात्रीतच यार्डात लागावी लागते.

दोन ॲक्सलच्या ट्रकची भारासह वजनमर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेली. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठरल्यामुळे व्यापाऱ्याच्या आग्रहाखातर चार पोती अधिक घेणे मालकाच्याच अंगाशी येते.

यार्डातील हमाल, कामगार नेते बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायत या संघटनेमुळे आणि 1969 च्या माथाडी, म्हणजे ओझे वाहणाऱ्या अंगमेहनती कामगारांसाठीच्या, कायद्यामुळे संघटित झाले, आणि त्यांच्या मजुरीला मिळालेले संरक्षण न्याय्यच आहे. वाद आहे तो वाराईचा, म्हणजे माल उतरवताना चालकाकडे मागितल्या जाणाऱ्या रकमेचा. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ या मागणीतून वाहतूकदार हा खर्च मालधन्याने सोसावा असे म्हणतात.

परमिटधारक मरण पावल्यास गाडी ज्याच्या ताब्यात येते तो वारस 30 दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवून तीन महिने तेच परमिट वापरू शकतो आणि त्या मुदतीत ते स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी त्याला अर्ज करावा लागतो.