आगाशे, मोहन

(२३ जुलै १९४७). मराठी रंगभूमी व चित्रपटांतील अभिनेते आणि मनोविकारतज्ज्ञ. जन्म भोर येथे.

पनवेल ओलांडून गोवा महामार्गाला लागले, की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. त्यावरच्या आग्या मधमाश्या आणि पायथ्याचे ठाकर यांची कथा गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ या कादंबरीत लिहिली. जब्बार पटेल यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट केला. त्यातला नाग्या आगाशे यांचा, तर चिंधी स्मिता पाटील यांची. पुण्यातल्या या डॉक्टराने माश्यांवर सूड उगवायला निघालेला ठाकर इतका खरा केला, की कर्नाळा पाहताना आजही तोच आठवतो.

त्याआधी, १९७२ साली, ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस त्यांनी गाजवला होता. विजय तेंडुलकरांचे हे नाटक पुढे युरोपातही गेले.

१९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. नंतर त्यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकपद सांभाळले.

वैद्यक आणि अभिनय त्यांच्या उत्तरायुष्यात जवळ आले. ‘अस्तु’मध्ये ते स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित झाले. नैराश्यावरील ‘कासव’ची निर्मिती त्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्यासह केली. या चित्रपटाला २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले.